दोन दिवसांत नागपूर बघायचं तर महालात पायी शिरा

पाहुणा नागपूरला आला की त्याला झिरो माईल दाखवायचं, फुटाळा तलावावर भाजलेलं कणीस खाऊ घालायचं, संत्रा बर्फीचा डबा हातात द्यायचा आणि गाडीत बसवून द्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मग तो घरी जाऊन सांगतो, नागपुरात बघण्यासारखं काही नाही. त्याची काय चूक? तीनशे वर्षांचं जुनं गाव, म्हणजे महाल हा भाग, त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी येतं आणि त्याला घेऊन मीच हिंडतो. त्यातून ठरत गेलेला हा दोन दिवसांचा क्रम.

तारीख

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्याबद्दल वाद घालू नका. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. ‘आम्ही सकाळी लवकर फिरू’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, इथली सकाळ आठलाच संपते.

तारीख ठरवताना दोन गोष्टी आधी बघा. एक, दसरा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली तो विजयादशमीचा दिवस होता, त्यामुळे त्या सुमाराला देशभरातून लाखो लोक येतात. संघाचा विजयादशमीचा कार्यक्रमही रेशीमबागेत त्याच दिवशी असतो. खोली मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनालाच यायचं असेल तर जरूर या, पण मग तेवढ्यासाठीच या. त्या गर्दीतून ‘जाता जाता इतरही बघून घेऊ’ हे जमत नाही.

दुसरी गोष्ट डिसेंबरचं विधिमंडळ अधिवेशन. १९५३ च्या नागपूर कराराची ही देणगी. तेव्हा आमदार, अधिकारी आणि पत्रकार मिळून सगळी हॉटेलं अडवतात, सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड लागतात, मोर्चे निघतात, आणि झिरो माईलकडचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. अधिवेशनाच्या तारखा बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. सोमवारी अजब बंगला, म्हणजे इथलं संग्रहालय, बंद असतो, तोही दिवस टाळा.

उलट मुद्दाम गाठण्यासारखेही दिवस आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी अशा बायांच्या रूपातले दोन अजस्र पुतळे ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळ्यांत जुन्या गावातून फिरतात. बाजूला बडगे, म्हणजे टीकेसाठी केलेले पुतळे, असतात, आणि त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचाच बडग्या होतो. पितृपक्षात भोसल्यांच्या वाड्यावर हाडपक्या गणपती बसतो, तोही दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही.

किल्ल्याबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण तो प्रश्नही तारखेचाच आहे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तो लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. ‘सकाळी दहा ते पाच’ असं कुठे लिहिलेलं सापडलं तर लिहिणारा दारापर्यंतही गेलेला नाही असं समजा. एरवी खालच्या टेकडी गणपतीला हात जोडा आणि मान वर करून टेकडी बघा. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली ती या टेकड्यांवर. आजची तटबंदी इंग्रजांनी जिंकल्यानंतर बांधली, ही गोष्ट मात्र पाहुण्याला सांगा, नाहीतर तो तिला भोसल्यांचा किल्ला समजून फोटो काढत बसतो.

मुक्काम

बर्डीत (म्हणजे सीताबर्डीत) किंवा धंतोलीत. विमानतळाकडच्या चकचकीत हॉटेलात उतरलात तर निम्मा वेळ वर्धा रोडवर जाईल.

महाल

इथे मी स्वतः दोनदा तोंडावर पडलो आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्यांदा बायकोचे मामा साताऱ्याहून आले होते. भोसल्यांचं गाव म्हणून त्यांना भलती उत्सुकता. मी संध्याकाळी साडेपाचला कार काढली, केळीबाग रोडला घातली आणि बडकस चौकात अडकलो. पुढे हातठेला, मागे ऑटोंची रांग, बाजूला लग्नाची खरेदी करायला निघालेलं अख्खं खानदान. पाऊण तास आम्ही जागचे हललो नाही. मामा काच खाली करून दर पाच मिनिटांनी विचारायचे, “जावईबापू, राजवाडा कुठंय?”

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो. सकाळीच नेलं आणि थेट वाड्यासमोर उभं केलं. मामांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाले, “हे एवढंच?”

आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं. भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या दगडाचा होता, त्यावर लाकडी कोरीवकाम होतं, आणि तो १८६४ मध्ये जळाला. उरला तो नगारखान्याचा दरवाजा. नाव महाल, पण महाल नाही. जळालेला राजवाडा दाखवायला नेलं तर पाहुणा हिरमुसणारच. महाल बघायचा तो गाव म्हणून, आणि कुठल्याही जुन्या गावात शिरतात तसा बाहेरून आत. आधी पाणी, मग वेस, मग चौक, मग वाडा आणि शेवटी बाजार. हा क्रम मोडला की काही कळत नाही. मी तो मोडून बघितला आहे.

सकाळी सातला शुक्रवारी तलावापाशी उभे राहा. पाटीवर गांधीसागर असेल, रमण विज्ञान केंद्र विचारलं तरी पोचाल. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नाग नदीकाठच्या बारा वस्त्या जोडून हे नगर वसवलं. त्याच्या मुलाने, चांद सुलतानने, राजधानी इथे आणली, गावाला कोट घातला आणि पाणी अडवून हा तलाव केला. नागपूर भोसल्यांनी वसवलं असं तुम्हाला दहापैकी नऊ जण सांगतील. भोसले आले तेव्हा गाव होतं, तलाव होता, वेसही होती.

तलावावरून टिळक पुतळ्याकडे आणि तिथून गांधी गेटला चालत या. हाच जुना जुम्मा दरवाजा. आता नावांकडे बघा. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून जुम्मा तलावाचा शुक्रवारी तलाव झाला आणि पुढे गांधीसागर. दरवाजाचंही तेच, जुम्मा दरवाजाचा गांधी गेट. दगड तेच, राज्यं बदलली तशी नावं बदलली. दरवाजातून लगेच आत जाऊ नका, बाहेर दोन मिनिटं थांबा. चांद सुलतानाच्या मागे गादीवरून भांडणं लागली तेव्हा त्याच्या राणीने वऱ्हाडातून पहिल्या रघुजी भोसल्याला मदतीला बोलावलं. रघुजी भांडण सोडवायला आला आणि इथलाच झाला. पुढे याच नागपुरातून त्याच्या स्वाऱ्या ओडिशा-बंगालपर्यंत गेल्या. हे दरवाजाबाहेर उभं राहून सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहतं, कारमध्ये सांगितलं तर नाही.

इथे एखादा ऑटोवाला हमखास गाठेल. “महालात चक्कर मारून देतो न जी, पायी काऊन फिरता?” त्याला नमस्कार करा. त्या चकरेत तुम्हाला ट्रॅफिक दिसेल, दुसरं काही नाही. दरवाजाच्या आत चाक नको, हा माझा एकमेव नियम आहे आणि त्याला अपवाद फक्त गुडघेदुखीचा.

आत गेल्यावर चिटणीस पार्क, नगारखाना, भोसल्यांचा वाडा, कोतवाली आणि बडकस चौक असं विचारत विचारत जा. नकाशा बघू नका. गल्ल्या अशा वळतात की मोबाइलवरचा बाण गोंधळतो, आणि विचारलं की माणूस दोन गोष्टी जास्त सांगतो. भोसल्यांच्या वाड्यात राजघराण्यातली मंडळी राहतात. ते तिकीट काढून बघायचं ठिकाण नाही, तेव्हा बाहेरून बघा आणि पुढे व्हा. भोसलेकालीन रुक्मिणी मंदिराशी मात्र थांबा, घाई करू नका.

खरी गंमत वाड्यांच्या मधल्या गल्ल्यांत आहे. लाकडी खांब, कोरलेल्या तुळया, खाली दुकान आणि वर गॅलरीत वाळत घातलेली लुगडी. हे वाडे दरवर्षी कमी होत आहेत. मागच्या खेपेला दाखवलेला एखादा वाडा या खेपेला दिसत नाही, त्या जागी चार मजली इमारत उभी असते. दार उघडं दिसलं म्हणून मोबाइल वर धरून आत शिरू नका, ती लोकांची घरं आहेत. “काकू, जरा खांब बघू का?” असं विचारा. मला आजवर नकार आलेला नाही, चहा मात्र अनेकदा आला आहे. विचारल्याशिवाय फोटो काढणाऱ्या माझ्या एका मित्राला एका आजोबांनी जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

साडेनऊ-दहापर्यंत दुकानांची शटर वर जायला लागली की महालातून बाहेर पडा आणि इतवारीकडे वळा. इथले बाजार ओळींचे. एका धंद्याची एक ओळ. किराणा ओळ वासानेच सापडते. चितार ओळीत मूर्तिकार बसतात, गणपतीच्या आधी आलात तर गल्लीभर ओल्या मातीचे बिनरंगाचे गणपती रांगेने उभे असतात. जवळच चितार ओळी चौकाचं मेट्रो स्टेशन आहे. तिथून बसा, सीताबर्डीला उतरा. सगळं मिळून तीन-साडेतीन तास. यात कोणी ‘आणखी दोन पॉइंट’ घुसवायला लागलं तर ऐकू नका.

दुपार आणि संध्याकाळ

अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय. शिल्पं आणि शस्त्रं बघा, पेंढा भरलेले प्राणी मुलांना दाखवा. झिरो माईलला दहा मिनिटं पुरतात. ‘भारताचा मध्यबिंदू’ म्हणून सगळे तिथे हात पसरून फोटो काढतात, पण खरं तर तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ चा दगड आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायचा. मध्यबिंदूचा हिशेब करायचाच तर तो फाळणीआधीच्या भारताचा करावा लागेल. जाता जाता हायकोर्टाची घुमटवाली इमारत बाहेरून बघा. नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं आणि १९५६ मध्ये ते राजधानीपण गेलं, याची हळहळ आमच्या आजोबांच्या पिढीला शेवटपर्यंत होती.

दीक्षाभूमीला उन्हं उतरल्यावर जा. स्तूपाच्या आत शांत बसा, बाहेर बोधिवृक्षाखालीही बसा. त्याचं रोप श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आलेलं आहे. इथे तासभर काढा. पंधरा मिनिटांत ‘उरकायची’ ही जागा नाही.

दुसरा दिवस: रामटेक

सकाळी सहाला निघा, पन्नासेक किलोमीटर आहे, दुपारी दोनपर्यंत परत येता. पायथ्याच्या अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी गड चढा आणि गाडीने उतरा, उलटं नको. हातात खाण्याची पिशवी धरू नका, माकडं ती आपलीच समजतात. बहुतेक लोक रामाचं दर्शन घेऊन खाली येतात आणि वाटेवरची नृसिंहाची दोन छोटी मंदिरं चुकवतात. रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह ही वाकाटकांच्या काळातली, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे जवळचं नगरधन. नरसिंह चुकवून रामटेक बघितलं असं म्हणू नका. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं इथे सगळे मानतात, तुम्हीही माना.

खाणं

सकाळी तर्री पोहे, म्हणजे पोह्यांवर तिखट रस्सा. तर्री वरून ओततानाच ‘कमी’ म्हणा, नंतर म्हणून उपयोग नाही. सावजी, म्हणजे इथलं झणझणीत मसालेदार जेवण, एकदा खा, दुपारी खा, आणि त्या दिवशी प्रवास ठेवू नका. ‘कमी तिखट सावजी’ असं काही नसतं. हिवाळ्यात सांबारवडी मिळाली तर सोडू नका. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. डाळ-भाज्यांचं सांबार आलं नाही म्हणून हॉटेलात भांडलेला एक पाहुणा मी पाहिला आहे. घरगुती गोळाभात, म्हणजे डाळीच्या गोळ्यांचा भात, कोणी जेवायला बोलावलं तरच मिळेल, तेव्हा ओळखी काढा.

परतताना

संत्र्याला वर्षात दोन बहार येतात. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. मला विचाराल तर मृगाची गोड. साल थोडी सैल असलेली घ्या, चकचकीत आणि घट्ट दिसणारी नको. रेल्वे स्टेशनला दोन बाजू आहेत, ऑटोवाल्याला नुसतं ‘स्टेशन’ सांगाल तर तो त्याला सोयीच्या बाजूला सोडेल. ‘संत्रा मार्केटकडून’ असं सांगा, उतरा, फळं घ्या आणि पुलावरून आपल्या फलाटाला जा. पेटी बांधून देताना वरच्या थरावर भुलू नका, खालचा थर उलटून दाखवायला सांगा.