दोरावरचं रेस्क्यू शिकायचंय? नाशिकच्या पोरांनी सुरुवात कुठून करायची, कार्ड कुठलं घ्यायचं आणि लीडर कधी व्हायचं

पाऊस सुरू झाला की दुगारवाडी, हरिहर, अंजनेरी सगळीकडे गर्दी होते आणि मग कोण ना कोण विचारतंच, दादा रेस्क्यू टीममध्ये यायचंय, कोर्स कुठला करू. चांगली गोष्ट आहे, माणसं पाहिजेतच. पण एका कोर्सने काम होत नाही हे आधीच सांगतो, कारण दोरावर चढता-उतरता येणं वेगळं, दोरावर अडकलेल्या दुसऱ्याला सुखरूप खाली आणणं वेगळं, आणि दहा-बारा जणांच्या टीमला सांभाळून हे करून घेणं त्याहून वेगळं. तिन्ही शिकायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

आधी ठरवा की तुमचा दोर कुठला. एक आहे कामावरचा, म्हणजे अंबड-सातपूरच्या कंपन्यांची शेड, टाक्या, चिमण्या, गंगापूर रोडच्या उंच बिल्डिंगा, जिथे लटकून पेंटिंग, सफाई, वेल्डिंग चालतं. याला रोप अ‍ॅक्सेस म्हणतात आणि याचं जगभर चालणारं कार्ड म्हणजे इराटा, ही मूळची ब्रिटनमधली संघटना. दुसरा डोंगरातला, कडा, धबधबा, सुळका. दोन्हीकडे हार्नेस (अंगावर बांधायचा पट्टा) आणि कॅराबिनर (लॉक होणारी धातूची कडी) सारखेच दिसतात म्हणून पोरांना वाटतं एक आलं की दुसरं आलं, तसं नाहीये. कामावर अँकर, म्हणजे दोर जिथे बांधायचा तो पक्का आधार, आधी तपासून ठेवलेला असतो, डोंगरात तो तुम्हालाच शोधायचा असतो, तोही आपल्या बेसॉल्टच्या कड्यावर, जिथे वरचा दगड पक्का वाटतो आणि हात लावला की सुटून येतो.

इराटाचं सांगतो. तीन लेव्हल आहेत. लेव्हल वनला वय १८ पूर्ण पाहिजे, किमान चार दिवस ट्रेनिंग आणि मग एक दिवस परीक्षा, आणि परीक्षा घेणारा असेसर ट्रेनिंग देणाऱ्या कंपनीचा नसतो, बाहेरचा असतो, त्यामुळे तिथे वशिला चालत नाही. कार्ड तीन वर्षं चालतं. लेव्हल टूसाठी किमान एक वर्ष आणि १००० तास दोरावरचं काम लॉगबुकमध्ये पाहिजे, लेव्हल थ्रीसाठी लेव्हल टू म्हणून पुन्हा एक वर्ष आणि पुन्हा १००० तास, आणि फर्स्ट एडचं चालू सर्टिफिकेट. साइटवर लेव्हल थ्री सुपरवायझर असल्याशिवाय लेव्हल वनवाल्याने दोराला हात लावायचा नाही असा नियमच आहे. सलग सहा महिने दोरावर काम नसेल तर रिफ्रेशर करावा लागतो, हे बरेच जण विसरतात. अमेरिकेची स्प्रॅट पण आहे, तिचा ढाचा असाच, तासांचं गणित वेगळं. नाशिकहून बहुतेक जण मुंबई-पुण्याकडच्या सेंटरला जातात, पैसे भरायच्या आधी एवढं विचारा की असेसमेंटची फी त्यात धरलीय का आणि नापास झालो तर पुन्हा किती.

लेव्हल वनच्या परीक्षेतच एक रेस्क्यू असतं आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा नीट सांगतो. समोर एक माणूस डिसेंडरवर, म्हणजे दोरावरून उतरायच्या उपकरणावर, निपचित लटकलाय असं धरायचं. तुम्ही तुमच्या दोन दोरांवर त्याच्याजवळ जाता, एक मुख्य दोर, एक बॅकअप. आधी त्याच्याशी बोलायचं, हाक मारायची, श्वास बघायचा. मग त्याचा हार्नेस तुमच्या सिस्टीमला छोट्या लिंकने जोडायचा, दुसरं कनेक्शन बॅकअप म्हणून, कॅराबिनरचं लॉक बोटाने दाबून बघायचं. मग त्याचा डिसेंडर हळूच सोडत त्याचं वजन तुमच्यावर घ्यायचं, आणि वजन खरंच आलंय हे दिसल्याशिवाय त्याचा डिसेंडर आणि बॅकअप दोरावरून काढायचा नाही. आता तुमच्या एका डिसेंडरवर दोन माणसं आहेत, म्हणून ब्रेकच्या दोराला एक जास्तीचा कॅराबिनर लावून घर्षण वाढवायचं, नाहीतर उतरताना दोर हातातून पळतो. या सगळ्यात कुणीही एका क्षणासाठी एकाच दोरावर राहिलं की असेसर तिथेच नापास करतो, आणि बरोबर करतो. हे हात आपोआप चालेपर्यंत, डोक्यावर पाणी पडत असताना, अंधारात, ग्लोव्हज घालून करत राहा.

घाई का, तर हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साचतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. शुद्धीवर असेल तर पायाखाली स्लिंगचा (मजबूत पट्टीचा) लूप द्या, पाय हलवत राहायला सांगा. पूर्वी सांगायचे की खाली आणल्यावर आडवं करू नका, बसवून ठेवा. २००९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याने याचा आढावा घेतला आणि नेहमीसारखाच प्रथमोपचार करा, बसवून ठेवू नका असं सांगितलं. जुन्या टीममध्ये अजून जुनंच शिकवतात, तिथे हे बोला.

डोंगराची वाट वेगळी. आधी इथल्याच एखाद्या गिर्यारोहण संस्थेत जा, प्रस्तरारोहण शिका, दोन-तीन सीझन मोठ्यांच्या हाताखाली काढा. मग उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स, त्यात ए ग्रेड मिळाली तरच अ‍ॅडव्हान्स, आणि त्यापुढे तिथलाच सर्च अँड रेस्क्यू. सीट लवकर भरतात, आधीच अर्ज टाका. ज्यांना एवढा वेळ काढता येत नाही त्यांनी आपदा मित्र या आपत्तीतल्या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी योजनेचं ट्रेनिंग करावं, जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडे चौकशी करा, दोर त्यात फार नसतो पण पूर, प्रथमोपचार, सरकारी यंत्रणा कशी चालते हे कळतं आणि ते खूप कामाला येतं.

अँकर आणि पुलीचं गणित तोंडपाठ पाहिजे. दोन अँकरमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर वजनाच्या साधारण ५८ टक्के येतं, ९० ला ७१ टक्के, १२० झाला की प्रत्येकावर पूर्ण वजन. म्हणजे दोन अँकर लावून काहीच हलकं झालं नाही. थ्री टू वन, म्हणजे एक तृतीयांश जोरात वजन वर ओढायची पुलींची सिस्टीम लावली की एक मीटर वर घ्यायला तीन मीटर दोर ओढावा लागतो, आणि कड्याच्या धारेवर दोर घासत असेल तर कागदावरचा फायदा निम्मा तिथेच जातो, म्हणून धारेवर रोलर किंवा निदान जाड गोणपाट टाका.

आता लीडर. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला सगळ्यात चांगलं चढता येतं त्याला लीडर करू नका, त्याला दोरावर पाठवा. लीडरने दोर हातात घ्यायचाच नाही, त्याने अशा जागी उभं राहायचं जिथून वरची माणसं, खालची माणसं आणि आकाश तिन्ही दिसतं. एकदा का तो स्वतः पुली लावायला वाकला की टीमकडे बघणारं कुणीच उरत नाही. निघायच्या आधी प्रत्येकाला नाव घेऊन काम द्यायचं: तू अँकर, तू सेफ्टी लाइन, तू धारेवर, तू स्ट्रेचरसोबत, तू वॉकीटॉकी. अँकर लावणारा आणि तो तपासणारा एकच माणूस नको. धबधब्याच्या आवाजात ओरडून काही ऐकू येत नाही, शिट्टीचे संकेत पाठ ठेवा: एक थांब, दोन वर, तीन खाली, चार म्हणजे दोर सोडला, आणि सलग वाजली तर अडचण.

पहिला प्रश्न नेहमी हाच की दोर लागतोय का? नाल्याला पाणी आलंय आणि पलीकडे अडकलेली माणसं कोरड्या, उंच जागेवर धडधाकट असतील तर पाणी ओसरेपर्यंत त्यांना तिथेच थांबवणं बऱ्याचदा सगळ्यात सुरक्षित असतं, नातेवाईक कितीही ओरडले तरी. नातेवाईकांशी बोलायला एक शांत माणूस वेगळा ठेवा. पायवाट असेल तर स्ट्रेचर खांद्यावरून आणा, सहा-सहा जण आलटून पालटून, आणि वाट गावातल्या माणसाला विचारा, मोबाईलच्या नकाशाला नको. पोलीस आणि तहसीलदारांना कळवल्याशिवाय सुरुवात करू नका, ११२ ला कॉल झालाय का ते स्वतः बघा.

कड्यावर दोर सोडायच्या आधी दुर्बिणीने आग्या मोहोळ आहे का ते बघायचंच. आपल्या भागात हा धोका पडण्याइतकाच मोठा आहे, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळताही येत नाही. मोहोळ दिसलं तर लाइन बदला, परफ्युम नको, धूर नको, आरडाओरडा नको. हे सांगायला लीडरने लाजू नये आणि टीममधल्या सगळ्यात नवीन पोराने "थांबा" म्हटलं तरी सगळ्यांनी थांबायचं, मग विचारायचं का म्हणून.

घरी आल्यावर काम संपत नाही. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सगळे बसा, कोण कुठे अडलं ते बोला, कुणाला झोप लागत नसेल तर त्याला एकटं सोडू नका, विशेषतः बॉडी काढली असेल तर. दोर साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, उन्हात नाही. मग पूर्ण लांबी हातातून फिरवत बघा, कुठे मऊ पडलाय, कुठे आतला गाभा फुगलाय, कुठे आवरण विस्कटलंय. दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून सगळं सामान तपासून त्याची नोंद वहीत ठेवायची, प्रत्येक दोराला नंबर, घेतल्याची तारीख, कुठे वापरला. संशय आला की दोर बाद, आणि बाद केलेला दोर तसाच ठेवायचा नाही, लगेच तुकडे करायचे, नाहीतर पुढच्या कॉलला घाईत कुणीतरी तोच उचलतो.