सुट्टीवर जाताना टेबलावर एक कागद

येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, आली की लातूर-धाराशिवकडं अर्धं ऑफिस शेतात असतं. मागं राहिलेल्यांची मात्र धांदल: फाइल कुठंय, गाडी कधी येणार, चावी कुणाकडं? मग सुट्टीवरच्या माणसाला फोनवर फोन, तेही तो पंगतीत भज्जी-आंबील घेऊन बसलेला असताना. तिथं रेंज मिळाली तर मिळाली.

यावर एक उपाय चांगला चालतो. जाण्याच्या आदल्या दिवशी, निघायच्या घाईत नव्हे तर दुपारीच, एका कागदावर फक्त अडकलेली कामं लिहा. "बियाण्याचं बिल बघा" असं मोघम नको. "बियाण्याचं बिल निळ्या फाइलीत, साहेबांची सही बाकी, गाडी गुरुवारी दुपारी, ड्रायव्हरचा नंबर आतल्या पानावर" असं लिहा. वाचणाऱ्याला पुन्हा काही विचारायची गरज पडू नये.

मग एवढंच:
१. प्रत्येक कामापुढं ते कोण बघणार त्याचं नाव, त्याला विचारूनच.
२. फोन करायचा तो एकानंच, सगळ्यांचे प्रश्न गोळा करून, ठरलेल्या वेळी.
३. जे काम उरकलं ते त्याच कागदाच्या मागं लिहायचं.

तिसरी गोष्ट बहुतेक जण टाळतात, पण खरा फायदा तिथंच आहे. परत आलेला माणूस मागची बाजू वाचतो आणि लगेच कामाला लागतो. कुणाच्या मागं फिरावं लागत नाही, कुरबुरही होत नाही.

कागदावर पासवर्ड कधीच लिहू नका आणि फोनवर ओटीपी मागू नका. ज्या कामाला त्याचंच लॉगिन लागतं, ते जाण्याआधीच उरकून घ्या.