मुलांच्या पुस्तकावरचा पिक्चर आपल्या शहरात शूट व्हावा असं वाटत असेल तर

बहुतेक शहरं सुरुवातच चुकीची करतात. ड्रोनचा व्हिडिओ काढायचा, त्याला म्युझिक लावायचं, शेवटी "आमच्याकडे शूटिंगला या". प्रॉडक्शनवाल्यांना त्याचा काडीचा उपयोग नसतो, त्यांच्या डोक्यात एकच हिशोब चालू असतो, एवढे सीन किती दिवसांत उरकतील.

तर पहिलं काम, पुस्तकाचे हक्क कोणाकडे आहेत ते शोधा. लेखकाला मेल टाकून फारसं काही होत नाही, लोकेशन तो ठरवत नाही. हक्क बऱ्याचदा एखाद्या प्रोड्युसरने ऑप्शनवर घेतलेले असतात, म्हणजे विकत नाही, ठराविक मुदतीसाठी राखून ठेवलेले, आणि अशा कितीतरी ऑप्शन पिक्चर न बनताच संपून जातात, त्यामुळे नुसत्या बातमीने हुरळून जाऊ नका. प्रोड्युसरला गाठायचं ते स्क्रिप्ट तयार आहे पण बजेट पक्कं झालेलं नाही अशा वेळी. दुसऱ्या शहरात शूटिंगचं ऑफिस उघडलं की विषय संपला.

"पण पुस्तकात आमच्या शहराचं नावच नाही" हे रडगाणं बंद करा. 'वंडर' या मुलांच्या पुस्तकाची गोष्ट न्यूयॉर्कची, पण 2017 च्या पिक्चरचं बरंचसं शूटिंग झालं कॅनडातल्या व्हँकुव्हरला. 'पर्सी जॅक्सन'च्या पहिल्या पुस्तकातली मुलं अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात जातच नाहीत, तरी 2010 च्या पिक्चरमध्ये ती तिथे पोचतात, कारण तिथे पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक मंदिराची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. म्हणून पुस्तक घेऊन बसा आणि प्रत्येक जागा कागदावर लिहा, शाळा, छपराखालची खोली, नदीवरचा पूल, काय असेल ते, आणि प्रत्येकीसमोर आपल्याकडची खरी जागा. फोटो चारही बाजूंनी काढा, ऊन कधी कुठून येतं ते लिहा, ट्रक कुठे उभे राहतील तेही. वरून विमानं जात असतील तर तेही सांगून टाका, नाहीतर साउंडवाला पहिल्याच भेटीत पकडणार.

आता खरा मुद्दा, जो जवळजवळ कोणीच मांडत नाही. मुलांचा पिक्चर म्हणजे बालकलाकार, आणि त्यांचे तास कायद्याने बांधलेले असतात. कॅलिफोर्नियाचंच बघा, शाळेच्या दिवसांत 9 ते 15 वयाचं मूल सेटवर 9 तास राहू शकतं पण त्यातलं काम फक्त 5 तास, 3 तास अभ्यास आणि 1 तास विश्रांती. आता अशा दिवसात एका लोकेशनवरून दुसऱ्यावर जायला पाऊण तास लागत असेल तर काय उरलं? त्यामुळे तुमची शाळा, घर, बाग जवळजवळ असतील तर तेच ठळक लिहा, नकाशावर अंतर मिनिटांत दाखवा. शेजारी शिकवणीसाठी शांत खोली आणि पाऊस आलाच तर आत शूट करता येईल अशी एखादी जागा, ही दोन्ही दाखवलीत तर लाइन प्रोड्युसर, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि वेळापत्रक सांभाळणारा माणूस, तुमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघेल.

शाळा मात्र डोकेदुखी. सगळ्यांना शाळाच हवी असते आणि ती रिकामी मिळते फक्त सुट्टीत, म्हणून सुट्ट्यांच्या तारखा आणि बंद पडलेल्या शाळा-कॉलेजच्या इमारतींची यादी तयार ठेवा.

पैशाचं थोडक्यात. मोठी सवलत राज्य किंवा देश देतो, अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य 20 टक्के टॅक्स क्रेडिट, म्हणजे तिथे केलेल्या खर्चाच्या तेवढ्या हिश्शाची करात सूट, देतं आणि पिक्चरमध्ये त्यांचा लोगो दाखवला की वर आणखी 10. शहराच्या हातात असतं ते परवानगी पटकन देणं, फी माफ करणं, आणि सगळ्या खात्यांच्या वतीने बोलणारा एकच माणूस देणं. हा माणूस फोन उचलणारा असावा एवढीच अट. रस्ता बंद होणार असेल तर दुकानदारांना आधीच भेटा, शूटिंगच्या दिवशी सकाळी नोटीस चिकटवली की लोक भडकतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

शेवटचं म्हणजे करार. 'जुमांजी' हे 1981 चं पुस्तक, त्यात जवळजवळ सगळं एका घरातच घडतं, शहर आलं ते 1995 च्या पिक्चरमध्ये आणि त्यासाठी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या कीन गावात शूटिंग झालं. तेव्हा भिंतीवर रंगवलेली 'पॅरिश शूज' या पिक्चरमधल्या बुटांच्या कंपनीची पाटी तिथे राहिली, पिक्चरचा नायक रॉबिन विल्यम्स 2014 मध्ये वारला तेव्हा लोकांनी तिच्यापाशी फुलं आणून ठेवली. अशी एखादी गोष्ट मागे राहावी असं वाटत असेल तर सेट मोडायच्या आधी, खरंतर परवानगीच्या कागदावरच लिहून घ्या, काय ठेवायचं, देखभाल कोण करणार, आणि पिक्चरचं नाव व फोटो टूरिझमच्या पाट्यांवर वापरायला चालतील का. नंतर विचाराल तर उत्तर स्टुडिओच्या वकिलाकडून येईल.