स्कोडाची जुनी ऑक्टेव्हिया आरएस घरच्या शेडमध्ये पुन्हा चालती करताय? या चुका टाळा

आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत जुळवलेली पहिल्या पिढीची ऑक्टेव्हिया आरएस आता वीस वर्षांच्या घरात आली. चार दारं, मोठी डिकी, बघायला सरळ घरंदाज गाडी. पण बॉनेटखाली 1.8 लिटरचं, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन आणि 150 अश्वशक्ती. दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार आपल्याकडे फार थोड्यांच्या नशिबी आली. बाकीच्यांची स्पोर्ट्स कार म्हणजे हीच, नाहीतर होंडा सिटी व्हीटेक, पॅलिओ 1.6, आयकॉन 1.6. कुठल्या तरी वाड्याच्या कोपऱ्यात अशी एखादी धुळीखाली सापडते, चारही टायर बसलेले असतात, मालक भाव दुचाकीइतका सांगतो आणि माणूस गळाला लागतो.

खाली उदाहरणं आरएसची जास्त आहेत, पण त्या काळातल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना ती लागू पडतात. घरी चालती केलेली गाडी पुन्हा बंद पडते ती बहुधा कामाचा क्रम चुकल्यामुळे. आधी थांबणं, मग थंड राहणं, मग नीट वीज मिळणं, मग पळणं आणि सगळ्यात शेवटी दिसणं. लोक नेमकं उलटीकडून सुरू करतात. गाडी रंगवून आणतात, अलॉय लावतात आणि ब्रेकचं ऑइल मागच्या मालकाच्या काळातलंच असतं.

कागद न बघता बयाना देणं

हे थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. नूतनीकरण झालंय का, आरसीवर बँकेचा बोजा अजून चढलेला आहे का, जुने दंड थकलेत का, एवढं ऑनलाइन बघायला वेळ लागत नाही. चेसिस नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचून आरसीशी जुळवा. मूळ मालक वारलेला असेल तर वारसांच्या सह्यांशिवाय पुढे जाऊ नका. एमएच-20 असो की एमएच-24, खिडकीवर उत्तर एकच मिळतं.

“बघू तरी, चालू होते का”

सगळ्यात महागडी चूक ही. चार वर्षं उभी असलेली गाडी, ट्रॅक्टरची बॅटरी आणून जंपर लावायचा आणि चावी फिरवायची. आजूबाजूला पोरं मोबाइल घेऊन तयारच असतात.

या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो किलोमीटरनं झिजतो तसा वयानंही कडक होतो. तुटला किंवा दोन दात सरकला की उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि वाकतात. मग हेड खोलल्याशिवाय सुटका नाही. म्हणून मागच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा. “बदललाय हो, शोरूमलाच बदललाय” हे बिल नव्हे.

बेल्टसोबत टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंपही बदलायचा. आरएसमध्ये पंप त्याच बेल्टवर फिरतो. जुन्या पंपांमधला पंखा बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो. तो तडकतो किंवा शाफ्टवर नुसताच घसरतो, गाडी तापते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. धातूच्या पंख्याचा पंप घ्या. बेल्ट चढवल्यावर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचं. खुणा पुन्हा जिथल्या तिथे आल्या पाहिजेत. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, बेल्ट काढून पुन्हा जुळवायचा.

बेल्ट झाल्यावर, पण गाडी चालू करण्याआधीची कामं अशी: टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे (प्लगला ठिणगी देणाऱ्या) कनेक्टर काढून ठेवा आणि प्लग बाहेर असतानाच स्टार्टर थोडा थोडा मारा. ऑइलचा लाल दिवा विझला म्हणजे दाब तयार झाला. चावीवर आवाज काढायचा तो त्यानंतर.

या 1.8 टर्बोचं आणखी एक दुखणं म्हणजे ऑइलचा गाळ. स्वस्त ऑइलवर आणि उशिरा बदलण्यावर वर्षं गेली असतील तर खाली संपमध्ये, म्हणजे ऑइलच्या तळभांड्यात, काळा लगदा बसतो आणि ऑइल खेचणारी जाळी तुंबते. पहिला बळी टर्बो. यावर बाजारात फ्लशची बाटली मिळते, पण अशा इंजिनात ती टाकणं म्हणजे वर चिकटलेला गाळ सोडवून थेट जाळीवर नेऊन बसवणं. संप उतरवा, जाळी डोळ्यांनी बघा, धुवा. नंतर 5डब्ल्यू-40 फुल सिंथेटिक ऑइल घाला आणि गाडी कमी चालली तरी वर्षाला बदलत जा.

बोअरचं पाणी आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा 43-44 अंशांना टेकतो. अशा हवेत कूलिंगमधली कसर लपत नाही. तरी सगळ्यात जास्त जुगाड इथेच होतो.

मिस्त्रीचा ठरलेला सल्ला: “साहेब, काढून टाकू की थर्मोस्टॅट. आपल्याकडं कुठं बर्फ पडायलाय?” ऐकायला पटतं. पण थर्मोस्टॅटचं काम इंजिन ठरलेल्या तापमानावर आणून तिथेच ठेवण्याचं आहे. तो काढला की हायवेवर इंजिन गार राहतं, इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून गरम झाली नाही, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ऑइलमधला ओलावा उडत नाही. आणि गाडी तापायचं मूळ कारण, म्हणजे तुंबलेला रेडिएटर किंवा मेलेला फॅन, तसंच राहतं. जालन्याच्या सिग्नलवर ती पुन्हा तापतेच.

दुसरं पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात हे घरातल्या गिझरची कॉइल बघितली की कळतं. तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटर कोअरमध्ये थर धरतं. आरओचं पाणीही नको. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. कूलंट फक्त बर्फाळ मुलखासाठी असतं हा गैरसमज. ते उकळबिंदू वाढवतं आणि ॲल्युमिनियमचा गंज थोपवतं. या दोन्ही गोष्टींची गरज आपल्याला कोणाहीपेक्षा जास्त आहे. या गाडीला गुलाबी जी-12 जातीचं कूलंट लागतं. त्यात दुकानातलं हिरवं किंवा निळं भर घातलं तर चिखलासारखा गोळा होऊ शकतो. आत काय आहे याची खात्री नसेल तर स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन काढा आणि नव्यानं भरा.

फॅन तपासायला सोपं आहे: इंजिन चालू करून एसी लावा, रेडिएटरचे फॅन फिरले पाहिजेत. कमी वेगाचा फॅन गेलेला असतो आणि जास्त वेगाचा चालतो, असं या गाड्यांत वारंवार दिसतं. मग हायवेला काटा स्थिर आणि गावात वर. रेडिएटरच्या आणि एसी कंडेन्सरच्या मधल्या फटीत धूळ आणि कापसाच्या दिवसांत सरकी-तंतूंचा थर बसतो. बाहेरून पाणी मारलं की तो आणखी आत जातो. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, हलक्या दाबानं मारा. वॉशिंग सेंटरच्या पंपानं पत्र्या आडव्या होतात.

आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका. वाटेत काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली आणि गाडी बाजूला.

शहाबादी फरशीवर जॅक

मराठवाड्यात अर्ध्या घरांच्या पार्किंगला शहाबादी फरशी, खाली मुरूम आणि त्याखाली काळी माती. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी आतून पोकळ होते. जॅकचा सगळा भार तळहाताएवढ्या जागेवर येतो आणि फरशी खाड्‌कन फुटते. जॅकखाली आणि घोड्यांखाली (गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी स्टँड) जाड सागवानी फळी किंवा दोन पदरी प्लायवूड घाला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. घोड्या लावायच्या, गाडी हातानं हलवून बघायची, काढलेलं चाक आडवं खाली सरकवून ठेवायचं. विटांचा ढीग हा घोडीला पर्याय नाही, वीट सांगून फुटत नाही.

ब्रेक: फक्त पॅड बदलून समाधान मानणं

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. उभ्या गाडीतही ओढतं. त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि घाटात पेडल मऊ पडतं. डॉट-4 ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. वीस वर्षांचे रबरी होज बाहेरून बरे दिसतात आणि आतून सुजलेले असतात, सोबतच बदला. कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) रबरं पेट्रोल-रॉकेलनं धुवायची नाहीत.

मागे डिस्क ब्रेक असतील तर हँडब्रेकची यंत्रणा बहुधा त्याच कॅलिपरमध्ये असते. तिथला पिस्टन नुसता दाबायचा नसतो, फिरवत फिरवत आत घ्यायचा असतो. क्लॅम्प लावून दाबला की कॅलिपर गेला. डिस्क लेथवर घासायला वाळूज-चिकलठाण्यात कारागीर भरपूर आणि हात चांगले, पण डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. ती आधी वाचा. बुश वळवून घेणं, हेड सपाट करून घेणं यासाठी मात्र आपल्या एमआयडीसीतल्या छोट्या शॉपसारखी दुसरी सोय नाही.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका. कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी असली तरी तो टायर म्हातारा आहे.

अंदाजानं पार्ट बदलत सुटणं

गाडी झटके देते. कोणी म्हणतं प्लग, कोणी म्हणतं पंप, कोणी म्हणतं सेन्सर. सगळं बदलून होतं आणि झटका आहे तिथेच. स्कॅनर लावा. पी0302 हा कोड आला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय. त्यावरची कॉइल तिसऱ्यावर लावा आणि पुन्हा चालवा. कोड पी0303 झाला तर कॉइल दोषी. 0302 च राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघा. या तपासाला पैसा लागत नाही.

ताकद कमी वाटली की लोक टर्बोवर संशय घेतात. आधी त्याच्या आजूबाजूच्या बारीक नळ्या बघा. आपल्या उन्हात त्या बिस्किटासारख्या कडक होतात आणि हात लावला की तुटतात. गळती शोधायला स्मोक मशीन असलेलं गॅरेज गाठा. उदबत्ती पेटवून बॉनेटमध्ये वाकणारे महाभाग आहेत. पेट्रोलची वाफ असताना असं कोणी करू नये.

पेट्रोल आणि उंदीर

आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच लातूर-धाराशिवच्या कारखान्यांचं. ही गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही. जुने रबरी पाइप फुगतात, तडकतात, आणि टाकीतला जुना मळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इंजेक्शनच्या दाबाला चालणारे, इथेनॉल सोसणारे पाइप लावा, फिल्टर लवकर बदला आणि महिनोन्‌महिने गाडी उभी राहणार असेल तर त्यात जुनं पेट्रोल ठेवू नका. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर चावी लावायची नाही.

सुगी संपली की शेतातले उंदीर घराकडे वळतात आणि उबदार बॉनेट त्यांना आवडतं. कुरतडलेली वायर पिळून टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण. सोल्डर करा किंवा नीट क्रिम्प करून हीट-श्रिंक नळी चढवा. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालू नका, मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. बॅटरी रात्रीत उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मल्टिमीटरनं करंट मोजा. 50 मिलिॲम्पिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्याच वाटेवर आहे. पत्र्याला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या तारा आणि इंजिन कॉम्प्युटरचा कनेक्टर काढा.

रंग आणि हौस

रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. गाडीच्या मूळ घडणीत बदल करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये दिला आहे, त्यामुळे मोकळा सायलेन्सर आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन या गोष्टी फिटनेसच्या वेळी नडतात. घरच्या शेडमध्ये मार्च ते मे रंग मारू नका. दुपारच्या वावटळीनं ओल्या रंगावर धूळ बसते ती घासून काढण्यातच दिवाळी येते.

पहिलाच प्रवास समृद्धीवर

गाडी चालती झाली की पहिला मोह 120 च्या मर्यादेपर्यंत काटा नेऊन बघायचा. सिमेंटचा तापलेला रस्ता, सलग वेग आणि वीस वर्षांचं, नुकतंच जागं झालेलं इंजिन, नको. आधी घराभोवती, चालत परतता येईल एवढंच. परत आल्यावर गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा: गुलाबी थेंब कूलंटचा, काळा इंजिनाचा, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेकचा. शंभर किलोमीटरच्या आत चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा, या गाडीला 120 न्यूटन मीटर. मग वेरूळपर्यंत जाऊन या. कन्नडचा घाट त्याच्याही नंतर, आणि तोही सकाळी. खाली उतरल्यावर चारही चाकांजवळ हात फक्त न्या, लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर त्याचा कॅलिपर धरतोय, आणि परतीचा घाट चढण्याआधी तो सोडवावा लागेल.