आमचं डॉट यूके नाव अखेर सुटलं

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचा फराळाचा धंदा. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गिऱ्हाइकांसाठी वेबसाइटचं डॉट को डॉट यूके नाव घेतलं होतं, इथल्याच एका स्वस्त रिसेलरकडून, म्हणजे अशी नावं पुढे विकणाऱ्याकडून. नूतनीकरणाचं बिल पहिल्या वर्षाच्या तिप्पट आलं, तेव्हा नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवायचं ठरवलं.

डॉट इन हलवताना जुन्या कंपनीकडून एक गुप्त कोड लागतो, म्हणून इथेही रिसेलरकडे तोच मागत राहिलो. तीन आठवडे रोज मेल! दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर, आईला झोप नाही. मग यूकेची नावं सांभाळणाऱ्या नॉमिनेट या संस्थेची माहिती नीट वाचली. यूकेच्या नावांना तेव्हा तसा कोड लागतच नव्हता. नव्या रजिस्ट्रारचा, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीचा, 'आयपीएस टॅग' (तिची ओळखखूण) विचारायचा आणि जुन्याने आपल्या नावावरचा टॅग बदलून तो लावायचा, एवढंच होतं. जुन्याने तरी टाळाटाळ केली, तर नावाच्या मालकाला फी भरून थेट नॉमिनेटकडून टॅग बदलून घेता येत होता. हे कळवताच रिसेलरने दुसऱ्या दिवशी टॅग बदलला.

नवा रजिस्ट्रार निवडताना मी किंमत शेवटी पाहिली. आधी विचारलं: टॅग तुमचा स्वतःचा का? नूतनीकरणाला किती? नाव कुणाच्या नावावर? आमचं तर रिसेलरच्याच नावावर निघालं होतं. ते आधी आईच्या नावावर करून घेतलं.