३५० चं ३८३ कसं करावं: शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये मोठा क्रँक बसवताना

इंजिनाचे सीसी वाढवायचे दोनच रस्ते. सिलिंडर रुंद करा, नाहीतर पिस्टनची धाव लांबवा. पहिल्या रस्त्यावर भिंतीची जाडी आडवी येते, कारण ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं धड, एका मर्यादेपलीकडे बोअर करता (आतून रुंद करता) येत नाही. दुसऱ्यासाठी वेगळा क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली धाव फिरण्यात बदलणारा दांडा, थोडक्यात क्रँक) लागतो, आणि तो त्याच घराण्यातल्या थोरल्या भावाकडून उचलता आला तर काम बरंच सोपं होतं.

अमेरिकेत या कामाचा सगळ्यात जास्त गिरवलेला धडा म्हणजे शेव्हरोलेचं ३८३. कंपनीचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये २६५ घनइंचांचं आलं. १९६७ च्या कमॅरो गाडीत ३५० आलं आणि १९७० मध्ये ४००. दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतलं अंतर ४.४ इंच आणि ब्लॉकची उंची ९.०२५ इंच ही मापं दोन्हीकडे तीच आहेत. ३५० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंच; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३.४८. ४०० चा बोअर ४.१२५, स्ट्रोक ३.७५. एवढे रुंद सिलिंडर बसवताना त्यांच्या मधून पाणी खेळायला जागाच उरली नाही, भिंती एकमेकींना चिकटल्या आणि ४०० गरम होण्यासाठी बदनाम झालं. क्रँक मात्र कामाचा होता. लोकांनी तो काढून ३५० च्या ब्लॉकमध्ये घातला.

आधी वही-पेन्सिल

घनक्षमता म्हणजे बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडरांची संख्या. ४ इंची बोअर तसाच ठेवून ३.७५ चा स्ट्रोक घातला तर ३७७ घनइंच येतात. पण जुना ब्लॉक झिजलेला असतोच, त्यामुळे तो ३० थाऊ वाढवतात. थाऊ म्हणजे आपल्या टर्नरचा नेहमीचा इंचाचा हजारावा भाग. आता ४.०३० च्या बोअरला उत्तर येतं ३८२.७. हेच ते ३८३, म्हणजे साधारण ६.२७ लिटर. मूळ ३५० होतं ५.७ लिटरचं. गंमत अशी की उलटा व्यवहारही करतात. ४०० चा ब्लॉक ३० थाऊ वाढवून त्यात ३५० चा क्रँक घातला की पुन्हा ३७७ च्या आसपासच उत्तर येतं, फक्त स्ट्रोक आखूड असल्यामुळे ते इंजिन जास्त फिरायला राजी असतं.

दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे. अर्धा स्ट्रोक, कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची) लांबी आणि पिस्टनची पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, या तिघांची बेरीज ब्लॉकच्या उंचीत मावली पाहिजे. मूळ ३५० मध्ये १.७४ अधिक ५.७ अधिक १.५६, म्हणजे बरोबर ९ इंच. पिस्टन वर आला की ब्लॉकच्या तोंडापासून २५ थाऊ खाली थांबतो. क्रँक बदलला की अर्धा स्ट्रोक १.८७५ होतो, आणि काहीच बदललं नाही तर पिस्टन ११० थाऊ वर निघून थेट हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणावर, आदळेल.

यातून वाटा दोन. ४०० चा मूळ रॉड ५.५६५ इंचांचा आहे. तो घेतला तर ३५० च्याच उंचीचा पिस्टन चालतो, बेरीज पुन्हा ९. किंवा ३५० चा ५.७ चा रॉड ठेवा आणि १.४२५ उंचीचे, खास ३८३ साठी बनलेले पिस्टन घ्या. पहिली वाट जुन्या भागांवर भागवणाऱ्यांची. माझं मत दुसरीच्या बाजूने आहे. आखूड रॉड जास्त तिरपा होतो, पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो, शिवाय खाली आल्यावर पिस्टनचा घेर क्रँकच्या वजनांच्या फार जवळ जातो. पिस्टनवर वाचवलेले पैसे पुढे नाना तऱ्हेने वसूल होतात.

हाच जमून येणारा हिशेब जीपच्या ४.० लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनातही आहे. त्यात जुन्या ४.२ चा क्रँक आणि रॉड घातले, बोअर ३० थाऊ वाढवला की मूळ उंचीच्याच पिस्टनवर ४.६ लिटर होतात.

क्रँक निवडताना

४०० चा अस्सल क्रँक ३५० मध्ये सरळ बसत नाही. त्याचे मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकच्या बेअरिंगांत फिरणारे गोल भाग, २.६५ इंचांचे आहेत, ३५० च्या ब्लॉकला २.४५ लागतात. म्हणजे क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे दोनशे थाऊ उतरवावे लागतात, आणि जर्नलच्या कडेची गोलाई जशीच्या तशी राखून. तिथे काटकोन राहिला की चीर तिथूनच सुरू होते. ४०० चं उत्पादन १९८० मध्ये थांबलं, त्यामुळे आता मिळणारा प्रत्येक क्रँक म्हातारा आहे. ३५० च्या मापाचे जर्नल असलेला ३.७५ चा नवा क्रँक तयार मिळतो. तोच घ्या.

घेताना ब्लॉकचं साल बघा. १९८५ पर्यंतच्या ३५० ला मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं आहे, १९८६ पासून एका तुकड्याचं. क्रँकचं मागचं टोक आणि फ्लायव्हीलच्या (मागच्या जड चाकाच्या) बोल्टांचं वर्तुळही त्याप्रमाणे बदलतं.

मग बॅलन्सिंग. १९८५ पर्यंतच्या ३५० चं संतुलन क्रँकमध्येच केलेलं असतं. ४०० चं मात्र पुढचा डॅम्पर (थरथर शोषणारी चकती) आणि मागचा फ्लायव्हील यांच्यावर जादा वजन ठेवून साधलेलं. नवा क्रँक कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारून त्याच पद्धतीचे डॅम्पर आणि फ्लायव्हील घ्या. जुन्या गाडीचा डॅम्पर चांगला दिसतोय म्हणून लावला तर इंजिन थरथरेल आणि मेन बेअरिंगं खाईल. पिस्टन, रॉड, रिंगा, बेअरिंगं हे सगळं क्रँकबरोबर बॅलन्सिंगवाल्याला एकत्र नेऊन द्या.

ब्लॉक

रिकामा ब्लॉक धुऊन चिरांसाठी तपासून घ्या. चीर निघाली तर तिथेच थांबा, दुसरा ब्लॉक शोधा. नाही निघाली तरी बोअरिंग लगेच नको.

स्ट्रोक वाढतो ०.२७ इंच, आपल्या दोन सुतांपेक्षा किंचित जास्त. त्यामुळे रॉडची मोठी बाजू आणि तिचे बोल्ट पूर्वीपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, आणि ते ब्लॉकच्या खालच्या कडेला, सिलिंडरच्या तळाशी घासतात. तिथे हातातल्या ग्राइंडरने खाचा घ्याव्या लागतात. अंदाजाने घेऊ नका. जुनी बेअरिंगं टाकून क्रँक बसवा, ३५० चा एक जुना पिस्टन रिंगांशिवाय रॉडला जोडून सोडा आणि हाताने हळूहळू फिरवा. जिथे अडेल तिथे खूण करा, उतरवा, थोडं घासा, पुन्हा बसवा. आठही सिलिंडरांना हेच. रॉड आणि ब्लॉकमध्ये ६० थाऊ फट मिळाली की पुरे. पलीकडे पाण्याची वाट आहे, आणि हौसेने जास्त घासणाऱ्यांनी तिथे भोकं पाडलेली आहेत.

खाचा झाल्या की मगच बोअरिंग आणि होनिंग (भिंतींची शेवटची बारीक घासाई), आणि त्यानंतर गरम साबणाच्या पाण्याने ब्लॉक पुन्हा धुणं. तेलाच्या बारीक वाटांत ब्रश घाला. ग्राइंडिंगचा कण तिथे राहिला तर पहिल्याच मिनिटाला बेअरिंगवर ओरखडा पडतो.

दुसरी अडचण वरच्या बाजूला आहे. रॉडचे बोल्ट कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, उंचवट्यांना लागू शकतात. ही फट तपासताना कॅम टायमिंग चेनसकट, नेमक्या टायमिंगवर बसवलेला हवा, कारण कॅम चार अंश मागेपुढे झाला तरी फट बदलते. इथेही ६० थाऊच्या आसपास ठेवा. मिळत नसेल तर मुळातला गोल लहान असलेला कॅम घ्या, नाहीतर बोल्टाऐवजी स्क्रू असलेले, खांद्याला कमी जागा घेणारे रॉड. खालचं ऑइल पॅन बसवूनही एकदा फिरवून बघा.

कॉम्प्रेशन

धाव लांबली की तेच हेड जास्त दाब देतं. सपाट पिस्टन, ४० थाऊचं गॅस्केट आणि ७६ सीसी पोकळीच्या हेडवर ३० थाऊ वाढवलेल्या ३५० चं कॉम्प्रेशनचं गुणोत्तर साधारण ८.७ येतं, ३८३ चं ९.३. तेच ६४ सीसीचं हेड लावलं तर १०.५ च्या जवळ पोचतं. लोखंडी हेड आणि पंपावरचं साधं पेट्रोल असेल तर साडेदहाच्या नादी लागू नका, पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागेल. ७६ चं हेड किंवा खोलगट माथ्याचे पिस्टन घ्या. या इंजिनाची मजा कमी आरपीएमवरच्या ओढीत आहे, कागदावरच्या आकड्यात नाही.

जोडणी आणि पहिला स्टार्ट

मेन आणि रॉड बेअरिंगांची फट प्लास्टिगेजने (दाबून चपट्या होणाऱ्या मऊ धाग्याने) मोजा, दोन ते अडीच थाऊ हवी. रिंगांच्या तोंडाची फट बोअरच्या दर इंचाला चार थाऊ या हिशेबाने सोळा. प्रत्येक बेअरिंग कॅप आवळल्यावर क्रँक फिरवून बघा. जिथे जड झाला, दोष त्याच कॅपखाली आहे.

स्मॉल ब्लॉकमध्ये ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालतो. म्हणून डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी त्याच भोकातून दांडा घालून ड्रिलने पंप फिरवा आणि वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत तेल आल्याशिवाय चावी मारू नका. साधे, रोलर नसलेले टॅपेट (कॅमवर टेकून फिरणारे भाग) असतील तर इंजिन सुरू होताच ते २००० आरपीएमच्या वर नेऊन वीसएक मिनिटं तिथेच ठेवा, आयडलवर आणू नका. जस्तयुक्त ब्रेक-इन तेल वापरा आणि नंतर ते फिल्टरसकट बदला.

कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) ३५० चे चालतील असं गृहीत धरू नका. प्लग काढून रंग बघा. पांढरट दिसले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. रेडिएटरही एक नंबर मोठा लागेल.

महाराष्ट्रात कुणी आयात केलेल्या जुन्या गाडीवर हे करणार असेल तर आधी आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या, कंपनीने दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि घनक्षमता हा त्यातलाच एक तपशील आहे. फक्त ट्रॅकवर किंवा प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. रस्त्यावर आणायची असेल तर ब्लॉक उघडण्याआधी परवानगीचं विचारून घ्या.