बास्केटबॉलचा फॉरवर्ड घडवायचाय? आधी फ्री थ्रो पक्का करा

कार्ल मॅलोन या फॉरवर्डने एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, १९ हंगामांत ३६,९२८ गुण केले. त्यातले ९,७८७ फ्री थ्रोचे, म्हणजे फाउल झाल्यावर ठरलेल्या लाइनवरून विनाअडथळा मारायच्या शॉटचे; चारातला एक गुण तरी या लाइनवरचा. पहिल्याच, १९८५-८६च्या हंगामात मात्र त्याचे निम्म्याहून जास्त फ्री थ्रो हुकले होते. १९८८-८९ला शंभरातले ७६ जाऊ लागले. रिंगखाली घुसणाऱ्या फॉरवर्डला फाउल मिळतातच, ते वसूल करता आले पाहिजेत. परभणी-लातूरकडे उंच पोरगं दिसलं की थेट थ्री पॉइंटरला, लांबून मारायच्या तीन गुणांच्या शॉटला, लावतात. ही घाई नको.

सुरुवात टेपने करा. रिंगची कड जमिनीपासून सगळीकडून ३.०५ मीटर हवी. पोरं लटकून शाळेची रिंग पुढे झुकलेली असते. अशा रिंगमध्ये सपाट शॉटही जातो, तीच सवय लागते आणि स्पर्धेत बॉल कडेला आपटून बाहेर येतो. लाइन आखताना खांबापासून मोजू नका. रिंगमागच्या बोर्डाच्या दर्शनी बाजूवरून ओळंबा सोडा, तिथून लाइनची लांबची कड ४.६० मीटरवर आली पाहिजे. रिंगच्या मध्यासमोर लाइनवर रंगाचा ठिपका द्या.

मुलांना ७ नंबरचा बॉल, मुलींना ६ नंबरचा. उन्हात पडलेला बॉल फुगून जास्त उसळतो, म्हणून हवा सरावाच्या वेळीच तपासा.

उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवा पाय ठिपक्याशी, डावा किंचित मागे. बॉल बोटांवर, तळव्यात पोकळी. कोपर बॉलखाली. गुडघे उठतात त्याच झटक्यात बॉल सुटला पाहिजे, आणि तो रिंगला पोचेपर्यंत मनगट खाली वळलेलंच राहू द्या.

चूक बॉलच दाखवतो. त्याची शिवण आडवी धरून शॉट मारायला सांगा आणि मागे उभं राहून बघा. शिवण सरळ मागे फिरली तर हात बरोबर आहे. ती डुगडुगली, की डाव्या हाताचा अंगठा ढकलतोय; बॉल बाजूला जाण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. पुढच्या कडेला लागून पडत असेल तर पाय वापरले जात नाहीत, तिथे हाताचा जोर वाढवून उपयोग नाही.

ताज्या दमात सलग शंभर मारण्यात फारसा अर्थ नाही, सामन्यात फ्री थ्रो धापा टाकतच मारावा लागतो. कोर्टाच्या दोन धावा, मग दोन फ्री थ्रो. असे २५ वेळा, प्रत्येक निकाल वहीत. मॅलोन लाइनवर बराच वेळ पुटपुटायचा, पण एनबीएत १० सेकंद मिळतात, आपल्याकडच्या फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांत ५च. तेव्हा बॉलचे दोन टप्पे, एक श्वास, शॉट.

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आटपा. सिमेंटवर काळ्या मातीची धूळ बसते, पाय सरकतो आणि शॉट आखूड पडतो. आधी झाडून घ्या, कडेला बूट पुसायला ओलं पोतं ठेवा. दमलेल्या अवस्थेत ५० पैकी ३५ सलग दोन आठवडे जायला लागले, की मग मिड-रेंजला, मधल्या अंतरावरच्या शॉटला, हात घाला.